विहीणबाई रशियाच्या

मैत्रिणींनो, परदेशी सून ही आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी असं लग्न झालं तर ते मुंबई-पुण्याकडे, आणि तेही लोक दबक्या आवाजात बोलायचे. आता आपल्या तालुक्याच्या गावची मुलं डॉक्टरकी शिकायला रशियात जातात, पाच-सहा वर्षं तिथल्या बर्फात काढतात आणि त्यातला एखादा येताना पदवीबरोबर सूनही आणतो. मग लग्न लागतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. नऊवारी, नथ, चंद्रकोर, हातभर हिरवा चुडा ल्यालेली रशियन नवरी. खाली ठळक अक्षरात ओळ असते, दोन संस्कृतींचं मीलन!

मी असे फोटो चांगले निरखून बघते. पण त्या दोनपैकी दुसरी संस्कृती मला काही सापडत नाही. मुलगी तेवढी तिकडची, बाकी सगळं इकडचं. 'किती छान शिकली आपलं!' म्हणून गाव टाळ्या वाजवतं. आणि हमखास न दिसणारी बाई म्हणजे नवरीची आई. पाच हजार किलोमीटरवरून आलेली असते, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली असते, मंगलाष्टका कधी संपल्या हेही तिला कुणी सांगत नाही. बाकीचे अक्षता टाकतात म्हणून तीही टाकते. आपल्या मुलीच्या लग्नात पाहुणीसारखं बसायचं, कल्पना करा!

म्हणून आज थोडं त्यांच्या लग्नाविषयी. कारण नियोजन करायचं, तर आधी माहीत तर हवं!

रशियात कायद्याने लग्न होतं ते सरकारी नोंदणी कार्यालयात, त्याला ते 'झाग्स' म्हणतात. १९१७ च्या क्रांतीनंतर चर्चमधल्या लग्नाला कायद्याची किंमत उरली नाही, ती आजही नाही. ज्यांची श्रद्धा आहे ते नोंदणीनंतर चर्चमध्ये जातात, तिथे वधूवरांच्या डोक्यावर मुकुट धरतात. पण त्यांचं ऑर्थोडॉक्स चर्च ख्रिस्ती नसलेल्या नवऱ्यामुलाचं लग्न लावत नाही. तेव्हा आपल्या मुलाने बाप्तिस्मा घ्यायचा नसेल, तर तो विषय तिथेच संपतो. त्यावरून रुसवेफुगवे नकोत. चर्चबाहेरचे लोकरिवाज भरपूर आहेत, आणि ते बघताना आपल्याला पदोपदी वाटतं की अरे, हे तर आपल्याकडचंच!

नवरदेव नवरीला न्यायला येतो तेव्हा तिच्या मैत्रिणी जिन्यातच वाट अडवतात. कोडी घालतात, गाणी म्हणायला लावतात, खाऊ आणि सुटे पैसे उकळतात, तेव्हा कुठे वरच्या मजल्यावर जाऊ देतात. याला 'वीकुप' म्हणतात, म्हणजे सोडवणूक. आपल्याकडे करवल्या जोडे पळवतात, वधूचा भाऊ कान पिळतो, त्यातलीच ही गंमत. गमतीतसुद्धा मुलीची किंमत करू नये असं माझं मत आहे, आणि तिकडच्याही बऱ्याच मुली आता हा प्रकार नको म्हणतात. पण एक आहे, खिसा तिथे नवऱ्यामुलाचा हलका होतो. आपल्याकडे हुंड्याविरुद्ध कायदा १९६१ चा आहे, आणि 'मानपान' नावाचा त्याचा चुलतभाऊ अजून प्रत्येक मांडवात जेवून जातो.

जुन्या काळी तिथल्या खेड्यांतून नवरी लाल कपडे घालायची. रशियन भाषेत 'लाल' आणि 'सुंदर' हे शब्द एकाच मुळातले. पांढरा झगा युरोपच्या फॅशनमधून मागाहून आला. तेव्हा नोंदणीच्या दिवशी ती पांढऱ्यात दिसली तर 'अगंबाई, पांढरं कशाला?' असं म्हणू नका, आणि लाल शालू नेसली तर आपण काही तिला बाटवली नाही, हेही लक्षात असू द्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मैत्रिणी जमत, गाणी म्हणत रडत, तिची एक वेणी सोडत. लग्न झालं की केसांच्या दोन वेण्या घालून त्या डोक्यावरच्या वस्त्राखाली झाकायच्या. सवाष्णीची खूण! आपल्याकडे ती गळ्यात आणि पायाच्या बोटांत, त्यांच्याकडे केसांत.

नात्यांची गंमत तर विचारूच नका. आपला दीर, हिंदीतला देवर, तो रशियनमध्ये 'देवेर'. सासरा 'स्व्योकर', म्हणजे संस्कृतातला श्वशुरच. सासू 'स्वेक्रोव', श्वश्रू. आणि सासऱ्याच्या तोंडी सून म्हणजे 'स्नोखा'. आपला सून शब्द ज्या स्नुषेवरून आला, तिची ही सख्खी बहीण. विहिणी एकमेकींना 'स्वात्या' म्हणतात. (सासूवरचे विनोद तिकडेही आहेत, फक्त ते बायकोच्या आईवर असतात. एकंदर विनोदाला बाईच लागते!)

सगळ्यांत मला भावलेली रीत म्हणजे पाव आणि मीठ. लग्न लावून जोडपं आलं की मुलाची आई दारात उभी राहते. हातात भरतकाम केलेला टॉवेल, त्यावर पिठाची फुलं-पानं लावून सजवलेला मोठा गोल पाव, मधोमध मिठाची वाटी. दोघांनी त्या पावाचा घास घ्यायचा, ज्याचा घास मोठा त्याचं घरात चालणार. या पावाला 'करावाय' म्हणतात. आता आपलं दार आठवा. वरात दाराशी आली की घरातली बाई भाकरतुकडा ओवाळून टाकते, पाण्याने डोळे पुसते, मग सून माप ओलांडते. दोन्हीकडे उंबरा, दोन्हीकडे सासू, दोन्हीकडे भाकरी. आपण ती उतरवून टाकतो, ते खायला देतात, एवढाच काय तो फरक! मग या दोन रीती एकाच दारात एकापाठोपाठ करायला काय हरकत आहे? खर्च एका पावाचा.

काही ठिकाणी मात्र विचार करावा लागतो. आपली निम्मी लग्नं मे महिन्यात, मुलांना सुट्ट्या असतात म्हणून. रशियन बाईला मे महिना सांगून बघा, तिचा चेहरा पडेल. त्यांच्या भाषेत कष्ट भोगणे, झुरणे याला जो शब्द आहे तो 'माय' म्हणजे मे महिन्यासारखाच ऐकू येतो, म्हणून मेमध्ये लग्न केलं तर जन्मभर झुरावं लागतं, अशी समजूत. तिकडे शेतकरी लग्नं करत ती कापणीनंतर, १४ ऑक्टोबरच्या 'पोक्रोव' सणापासून पुढे. आपलीही तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा नोव्हेंबर धरा, दोन्ही आज्या खूश, आणि पाहुणी मंडळी उन्हाने आजारीही पडणार नाहीत.

फुलांचं असंच. सम संख्येची फुलं तिकडे फक्त मयताला नेतात, लग्नाला तीन, पाच, सात अशीच. पिवळी फुलं म्हणजे ताटातूट. आणि आपला मांडव तर झेंडूने पिवळाधमक! झेंडू काढा असं मी म्हणणार नाही, पण विहीणबाईंना आदल्या दिवशी एका वाक्यात सांगता येतं की आमच्याकडे हे सोन्यासारखं मानतात. आणि त्यांच्या हातात द्यायचा गुच्छ मोजून द्या, एवढंच. अंगठी ते उजव्या हातात घालतात. डाव्या हाताच्या बोटात गेली, तर बहुधा बाई नवरा गमावलेली किंवा घटस्फोटित समजायची. आपल्या मुलाला हे माहीत नसेल तर साखरपुड्याच्या दिवशीच घोटाळा.

जेवणात मध्येच पाहुणे 'गोर्को! गोर्को!' ओरडायला लागतात. म्हणजे कडू. हे सगळं कडू लागतंय, गोड करा, आणि गोड करायचं म्हणजे नवरा-नवरीने सगळ्यांसमोर चुंबन घ्यायचं. आपल्या मंगल कार्यालयात आजोबांच्या पंगतीत हे व्हायचं कसं? अहो, सोपं आहे. आपल्याकडेही पाहुणे ओरडतातच की, 'नाव घे, नाव घे!' जोडप्याला लाजवायचा उद्देश तोच. गोर्को म्हटलं की जिलबीचा घास भरवायचा आणि उखाणा घ्यायचा. रशियन भाषेतला उखाणा ऐकलाय कधी? मी ऐकलाय. यमक जुळलं की नाही कळलं नाही, पण हशा दणदणीत पिकला.

आणि माइक. त्यांच्या लग्नात पहिलं बोलायचा मान आईवडिलांचा. उभं राहून, पेला हातात धरून दोन शब्द मनापासून बोलतात. आपल्याकडे माइक असतो आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या हातात. मुहूर्त टळतो, पंगत खोळंबते, वधूवरांची नावंसुद्धा चिठ्ठीत बघून घेतात. त्यातली पाच मिनिटं विहीणबाईंना द्या. पेल्यात पन्हं असलं तरी चालेल, मुलगा शेजारी उभा राहून अर्थ सांगेल.

आता एक रुक्ष पण फार महत्त्वाची गोष्ट. हिंदू विवाह कायदा दोघांनाही लागू होत असेल तरच अंतरपाट आणि सप्तपदीने लग्न कायदेशीर ठरतं. मुलगी ख्रिस्ती असेल तर नुसते फेरे घेऊन ती कायद्याने बायको होत नाही. एक तर रशियात 'झाग्स'मध्ये नोंदणी करा, नाहीतर इथे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यासाठी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं, नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, पुढे ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन सह्या. मुलगी अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला लागतो. तिकडेही अर्ज दिल्यापासून साधारण महिनाभर थांबावंच लागतं. म्हणजे पत्रिका छापण्याआधी तीन-चार महिने कागदांना द्या. कागद नसेल तर व्हिसा अडतो, आणि उद्या काही बिनसलं तर ती पोर परक्या देशात कुठे दाद मागणार? लग्न नोंदून दोन वर्षं झाली की तिला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. आणि हो, २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून रशियन बँकांची व्हिसा, मास्टरकार्डची कार्डं देशाबाहेर चालत नाहीत. विहीणबाईंना साडीच्या दुकानात काउंटरवर लाजवू नका, पैशांची सोय मुलाने आधीच बघावी.

तसं बघितलं तर हे लग्न जमतंय हीच मोठी गोष्ट आहे. स्टॅलिनच्या काळात, १९४७ मध्ये, सोव्हिएत नागरिकांना परदेशी माणसाशी लग्न करायलाच बंदी घातली होती. ती उठली १९५३ च्या अखेरीस, तो गेल्यानंतर. आजच्या नवरीच्या पणजीला तर हा विचारही करता आला नसता.

आता पत्रिकेकडे वळते, कारण खरी अडचण तिथून सुरू होते. रशियन माणसाच्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, आपल्यासारखंच. पहिली अंतराळवीर बाई तेरेश्कोवा, तिचं पूर्ण नाव वालेंतिना व्लादिमिरोव्हना, म्हणजे व्लादिमिरची लेक. १९६३ मध्ये तिचं लग्न झालं, पण ती व्लादिमिरची लेकच राहिली. आडनाव बदललं तरी मधलं नाव बदलत नाही. आपण मात्र बाईचा बापही बदलून टाकतो! मान द्यायचा तर ते नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. विहीणबाईंना तशी हाक मारून बघा, पाणी येईल त्यांच्या डोळ्यांत.

पण आपल्या पत्रिकेला नाव पुरत नाही, तिला हवं असतं नावाआधीचं अक्षर. सौ. की श्रीमती?

आमच्याच गावातलं एक घर, नाव सांगत नाही. मुलगा रशियातून डॉक्टर होऊन आलेला, मुलगी त्याच्याच वर्गातली, व्होल्गाकाठच्या शहरातली. मी एकल महिलांसाठी काम करते, आणि मुलाच्या आईशी माझी जुनी ओळख, म्हणून तयारीच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. विहीणबाई शाळेत शिकवतात, नवरा दहा वर्षांपूर्वी वारला, अंगठी डाव्या हातात. पोरीला एकटीने वाढवलं, परदेशी जावई मान्य केला आणि विमानात बसून आल्या. आल्या त्या त्यांच्या आईने भरलेला टॉवेल घेऊन.

बैठकीत ठरत होतं की कन्यादानाला मुलाच्या वडिलांचे एक मित्र आणि त्यांची बायको बसतील. का? तर विधवा आईला बसता येत नाही. म्हणजे जिने वाढवली ती खुर्चीवर, आणि चार दिवसांपूर्वी ओळख झालेलं जोडपं पाटावर! हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. मी विचारलं, कन्यादान केलंच पाहिजे का? कन्यादान न करता, अर्थ सांगत लग्न लावणाऱ्या पुरोहित बाया आज आहेत. आपल्याच महाराष्ट्रात सत्यशोधक पद्धतीने लग्नं १८७३ पासून लागताहेत. मुलाच्या आईला पटलं. ठरलं की अंतरपाट धरण्याआधी विहीणबाई त्यांच्या रीतीप्रमाणे दोघांना मेरीमातेची तसबीर धरून आशीर्वाद देतील, मग पुढचं.

मग हळदीचा विषय निघाला. मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, "हळद पाच सवाष्णींनीच लावायची. पण विहीणबाईंना लावू द्या हो, परदेशी आहेत, त्यांच्यात चालतं."

सगळ्यांनी मान डोलावली, किती मोठं मन म्हणून. मला मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली काकू दिसत होती. मुलाची सख्खी काकू. बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली, त्याच घरात राहिली, या मुलाला तिनेच भरवलं, झोपवलं, शाळेत सोडलं. बैठकीसाठी चहा तिनेच केला होता. हळदीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, आणि नसणारच हे तिलाही माहीत होतं.

मैत्रिणींनो, मला जे म्हणायचंय ते हेच. परकी म्हणून एका विधवेला सूट आणि आपली म्हणून दुसरीला मनाई, याला मी दोन संस्कृतींचं मीलन म्हणत नाही. परक्या बाईशी चांगलं वागायला फार काही लागत नाही, ती पंधरा दिवसांनी जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हे करावं असं सांगितलं. त्यानंतर ठिकठिकाणी ठराव झाले, फोटो निघाले. मी गावोगाव फिरते म्हणून सांगते, ठराव कार्यालयाच्या भिंतीपर्यंत पोचलेत, हळदीच्या पाटापर्यंत फार थोडे. म्हणून मी तिथेच विचारलं, "आणि काकूंचं काय?"

उत्तर आलं नाही. विषय बदलला, मांडववाल्याच्या आगाऊ रकमेवर बोलणं गेलं. पुढचे आठ दिवस मुलाची आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. हळदीच्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती पाटाशी उभी होती, हळदीची वाटी हातात, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत होती, "जाऊबाई, हात धुऊन या." बस, एवढंच. काकू आली, पदराला हात पुसत पुसतच आली. आत्याबाई त्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्या नाहीत, पाय दुखतोय म्हणाल्या.

त्याच रात्री पाव करायचा होता. बेकरीवाल्याने भट्टी देतो म्हणून कबूल केलं होतं, पण सजावट घरातच करायची. विहीणबाई कणीक मळायला बसल्या, काकू शेजारी. एकीला मराठी येत नाही, दुसरीला रशियन. काकूने पिठाची पानं अशी काही सुबक वळली की विहीणबाई बघतच राहिल्या. चिरोट्यांचा आणि करंज्यांचा हात तो! मग विहीणबाई हसत काहीतरी बोलल्या. मुलाने अर्थ सांगितला. पूर्वी त्यांच्या खेड्यांतही करावाय करायला फक्त सुखाने नांदणाऱ्या सवाष्णींना बोलवत, विधवेने त्या कणकेला हात लावायचा नाही अशी रीत होती. म्हणजे तिथल्या आज्यांच्या हिशोबाने आपण दोघींनीही इथे बसता कामा नये.

काकू क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तिकडेही का?" आणि पुढचं पान वळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरात दारात आली. काकूने भाकरतुकडा ओवाळला, मुलाच्या आईने पाव-मीठ पुढे धरलं. नवरीचा घास मोठा निघाला, दिराने त्यावरून भावाची बरीच टिंगल केली. मग सगळ्यांनी तुकडा तुकडा घेतला. आत्याबाईंनी तेवढा घेतला नाही. म्हणाल्या, त्यात अंडं असेल. होतंच.